होळीच्या आठवड्यातली साक्ष

रविवार, होळी तोंडावर

आप्पा,

तुम्ही गेल्यावर या वहीत तुम्हाला लिहीत असे; आज फार वर्षांनी बसले आहे, माफ करा. कोर्टाची कामं वाढली असं सांगता येईल. पण खरं म्हणजे काही वाईट सांगायचं असलं की मी तुमची आठवण टाळत आले. आज टाळता येत नाही.

काठी गावाच्या पलीकडे, डोंगरात, ज्या पाड्यावर तुम्ही मास्तर होतात, तिथली एक विधवा माझी अशील आहे. नवरा गेल्यावर दिरांनी तिचं शेत काढून घेतलं. डोंगरातल्या आदिवासींचा वारसा हिंदू कायद्याने नाही, त्यांच्या रिवाजाने ठरतो, म्हणून रिवाज सांगायला समोरच्या वकिलांनी एका निवृत्त प्राध्यापकांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून आणलं. विधवेला जमिनीत हक्क नाही, असं ते शपथेवर सांगून गेले. आधार त्यांचंच पुस्तक. त्या पुस्तकाला आधार काय, हे शोधत मी तळटिपा वाचत गेले. सगळ्या एकाच माणसापाशी येऊन थांबतात: पाड्यावरचे शिक्षक. तुम्ही.

ते माहिती घ्यायला आले तो आठवडा मला आठवतो. मी लहान, तुमच्याकडे राहायला आलेली. शाळेच्या ओट्यावर प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन बसलेत, भोवती पुरुष. होळी जवळ आली आहे, पुरुषांची पालनी, म्हणजे होळीच्या नवसाचं व्रत, चालू आहे. नवस धरलेला माणूस खाटेवर झोपत नाही, बाईच्या हातचं खातपीत नाही. म्हणून पाणीसुद्धा तुम्हीच आणता. बाया लांब मोहाच्या झाडाखाली, पाठ फिरवून बसलेल्या. प्राध्यापक विचारतात, "बायांचं काय म्हणणं?" तुम्ही तिकडे न बघताच सांगता, "त्यांचंही तेच." पुस्तकात त्याचं झालं आहे: स्त्रियांनाही हा रिवाज मान्य आहे.

आणि आपल्या गावी, कोरीटच्या घरी, चुलीपुढे, मी शेजारणीबद्दल काहीतरी ऐकीव बोलले तेव्हा तुम्हीच हातातली भाकरी खाली ठेवली होती. "तुले कोनी सांगं? तू देखं का?" इतकंच. आईनेही मान वर केली नाही. त्या एका प्रश्नावर मी आजवर वकिली करत आले.

शुक्रवारी कोर्टाबाहेर समोरचे वकील हसत म्हणाले, "ताई, उलटतपासणीमा तुन्हा बापलेच पिंजरामा उभं करशी का?"

"प्रश्न साक्षीदारले शे, बापले नही."

"बरं. पन त्या म्हातारीले म्हाईत शे का, तू कोननी पोर शे ते?"

दोघे दीर त्यांच्या मागे उभे होते. टपरीवाल्या बाईने चहा पुढे केला, त्यांनी हात लावला नाही. माझ्याकडे मात्र बघत राहिले.

त्या विधवेच्या दारात सकाळी राख टाकलेली सापडते. 'डाकीण' हा शब्द आधी कुजबुजीत होता, आता पाड्यावर मोठ्याने म्हणतात. निकाल विरुद्ध गेला तर नुसतं शेत जाणार नाही. मी तिला शहाद्याला नातलगांकडे राहा म्हटलं, तर म्हणाली, "पालनीत भांडायचं नसतं, वकीलबाई. होळी पेटली की ते मोकळे." हे तिने दिवस ढगाळ आहे म्हणावं तसं सांगितलं. मग तुमचा विषय निघाला. "मास्तर लई चांगला माणूस. बायांकडे कधी मान वर करून बघितलं नाही." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

उद्या मी प्राध्यापकांना विचारीन, कुठल्या दिवसांत गेला होतात, कोणत्या बाईशी बोललात. उत्तरात तुमचं नाव येईल, आणि भरल्या कोर्टात मी विचारीन, त्यांना कोणी सांगितलं? तुम्ही खोटं बोलला नाहीत, तुम्ही फक्त विचारलं नाहीत, असं मी स्वतःला समजावते. हे तुमच्या बाजूने आहे की माझ्या, ते कळत नाही.

पत्र वहीतच राहील. माझं सासरचं नाव लावून मी तिच्यासमोर बसते, आणि ते मला सोयीचं वाटत आलं आहे.

उद्या: कोर्ट सुरू होण्याआधी तिला सांगायचं, मी मास्तरांची मुलगी.