अंगठ्याची पट्टी

मंगळवार, ११

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे पानावर कोंबडी नाचून गेली!

कटिंग मशीनचं पातं बदलत होतो. बाइंडिंगच्या कामात केस पिकले, आणि आज हातमोजा न घालता पातं धरलं, कारण फोरमनशी वाद रंगात आला होता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चिरलं. टाके पडले. "तोफेला फडकं गुंडाळलं रे!" फोरमन ओरडला. युनियनच्या सभा गाजवतो म्हणून कारखान्यात मला तोफ म्हणतात. सगळे हसले. मीही.

घरी ताई हसली नाही.

बुधवार, १२

एका हाताने बुटाची नाडी बांधता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही. ते ठीक. पण ताईशी बोलता येत नाही! ती जन्मापासून बहिरी. आमच्या खुणा आईने घरातच बनवलेल्या, बहुतेक दोन्ही हातांच्या. आई गेली. आता ती भाषा बोलणारी माणसं जगात दोनच, आणि त्यातला एक काल मुका झाला.

माइक नसला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आज "भाजीत मीठ जास्त झालंय" एवढं सांगताना घाम फुटला. ताई मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत होती — काय? काय? खांदे गदगदत होते तिचे. लबाड!

शुक्रवार, १४

शिवणशाळेच्या बाई आल्या. दूरच्या गावात बहिऱ्या मुलींना शिवण शिकवतात. ताईचं काम त्यांनी मागे पाहिलं होतं. म्हणाल्या, "शिकवायला द्या ताईंना. राहायला खोली आहे. पण एक तारखेला मुली येतात, तोवर शिकवणारी हजर हवी. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

बाईंच्या खुणा वेगळ्या. तरी दोघींचं जमलं. मी मध्ये पडायच्या आत जमलं!

ताईने माझ्या पट्टीकडे बोट दाखवलं — हा बरा झाला की येते.

रविवार, १६

उत्तर देता येत नाही, म्हणून नुसतं बघत बसलो. ताई किती बोलते! एरवी तिचे हात अर्ध्यावर असतानाच मी माझे उगारतो. आज सगळं सांगितलं तिने. मुलींना आधी जुन्या वर्तमानपत्रावर कात्री चालवायला द्यायची. कापड मागून. म्हणजे वाया जायची भीती नाही. चाळिशी उलटलेल्या माझ्या बहिणीचे डोळे असे लकाकताना मी कधी पाहिले नव्हते.

मी कामावर गेलो की ती दिवसभर कुणाशीच बोलत नाही. हे मला ठाऊक नव्हतं? होतं.

आणि ती गेल्यावर मी कुणाशी बोलणार? गर्दी सभेला असते. संध्याकाळी दार उघडायला गर्दी येत नाही.

शनिवार, २२

टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत झालात की! आता पट्टी कशाला? हवा लागू द्या." जुनी पट्टी बादलीत टाकली. ताई काचेच्या दाराबाहेर बाकावर बसली होती.

मीच नवी पट्टी मागितली. "कारखान्यात धूळ फार," म्हटलं. बांधूनच बाहेर आलो. ताईने भुवया उंचावल्या. मी मान हलवली — अजून नाही.

हे उजव्या हाताने लिहितोय. दार लावून.

बुधवार, २६

गेटवर सभा. घडीकाम करणाऱ्या बायकांचे शाळेचे दाखले मालकाने कपाटात घालून ठेवलेत. दुसरीकडे नोकरीला जाऊ नयेत म्हणून! मी कडाडलो — "माणूस अडवून ठेवणं ही चोरी आहे! तुम्ही कागद नाही चोरलेत, तिचं उद्या चोरलंत!" टाळ्याच टाळ्या. दुपारपर्यंत मालक नमला.

घडीकामातली एक म्हातारी पुढे आली. पट्टीचा हात दोन्ही हातांत धरला. "दादा, अंगावर काटा आला बघा. हाताला जपा हो."

घरी ताईने माझ्या शर्टाची बटणं काढून दिली. मी लहान पोरासारखा उभा. कपाटभर पुस्तकं वाचली मी माणसाच्या मोकळेपणावर. पाठ आहेत. काय करायचंय पाठ असून?

रविवार, ३०

उद्या सांगतो.

मंगळवार, १

नाही सांगितलं.

बाईंचा निरोप आला, शेजारणीच्या फोनवर. "थांबता नाही आलं. दुसरी मिळाली. ताईंना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं." एका हाताने, मोडक्या खुणांत, मी ताईला तो पोचवला. तिने मान डोलावली. मग शिवणयंत्रावर जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत पायडल थांबलं नाही. कुणाचे कपडे शिवत होती कोण जाणे. दोऱ्याचं रीळ रिकामं होतं.

गुरुवार, ३

पट्टी सोडली. ताईसमोर अंगठा धरला — झाला बरा!

तिने तो उलटसुलट करून पाहिला. टाक्यांच्या जागेवरून बोट फिरवलं. मग माझा हात खाली ठेवला आणि सावकाश, एकेक खूण सुटी करून म्हणाली — डॉक्टरांनी पट्टी टाकून दिली, तेव्हाच काचेतून पाहिलं मी. तू सांगशील म्हणून थांबले होते.