हृष्का, मधून!

४ ऑगस्ट, सोमवार
अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू. यंदाचा निश्चय: पॉवर. सगळे दाटीवाटीने उभे राहणार, आमचा धिप्पाड फुलबॅक हृष्का मधून घुसून वाट करणार, चेंडूवाला त्याच्या मागून तीन यार्ड. पुन्हा तीन यार्ड. वडील हेच शिकवायचे. नेब्रास्कात देवाने टीम काढली असती तर त्यानेही हेच शिकवलं असतं.
नवा असिस्टंट ट्रे (वय २९, पायात मोजे नाहीत) म्हणाला, की हल्ली सगळे स्प्रेड खेळतात. गडी मैदानभर पांगवायचे आणि मोकळ्या जागेत चेंडू फेकायचा. मी म्हटलं, बाबा रे, पांगतात त्या कोंबड्या. पोरं हसली. कुणाला ते बघितलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार
०–३१. पॉवर मुरावी लागते. लोणचं काय एका दिवसात मुरतं?
लव्हॉन म्हणाली, की स्टँडमध्ये लोक झोपले होते. तीस वर्षं संसार केला, पण बाईला फुटबॉल कळला नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
३–२४. क्रीडाप्रमुख वेम्पे बाईंनी बोलावलं. सीझन असाच गेला तर पुढच्या वर्षी मुख्य कोच ट्रे. व्हर्लिन, जरा काळाबरोबर चला, म्हणाल्या.
चला तर चला! स्प्रेडवाले कोच मैदानाबाहेरून चित्रांचे फलक दाखवून पुढची चाल कळवतात. उद्यापासून आपणही फलक.

२० सप्टेंबर, शनिवार
फलक चार: ट्रॅक्टर, मका, गाय आणि माझ्या मेहुणीचा फोटो. चारींचा अर्थ एकच. हृष्का, मधून.
दुसऱ्या क्वार्टरपासून फलक वर गेला की समोरची पोरं एका सुरात ‘मधून!’ ओरडायला लागली. ७–२०. सात गुण मेहुणीचे.

११ ऑक्टोबर, शनिवार
हाफटाइमला ०–१४. स्प्रेडचा फोलपणा पोरांना एकदा कळावा म्हणून दुसरा हाफ मुद्दाम ट्रेच्या हातात दिला. ३५–१४ जिंकलो.
साहजिक आहे. समोरच्यांना आधी मी दमवून ठेवलं होतं. ट्रेला तसं सांगितलं. तो म्हणाला, हो कोच. गुणी पोरगा.

८ नोव्हेंबर, शनिवार
सलग पाचवा विजय. आता पहिला हाफही ट्रेच बघतो. दमवायचं काम मी सरावातच उरकून घेतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
उद्या विल्टन. जन्माचे वैरी. वेम्पे बाई म्हणाल्या, की उद्याचा सामना जो जिंकवेल, पद त्याचं. म्हणजे माझंच.
निश्चय: निर्णायक क्षणी पॉवर. हृष्काला घरी बोलावून चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल खाऊ घातले. नऊ रोल. शब्द घेतला. तो म्हणाला, तुमच्यासाठी काहीही, कोच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
२४–२०! जिंकलो!
शेवटचं मिनिट, तीन गुणांनी मागे, गोलरेषेला दोन यार्ड बाकी. मी ट्रॅक्टर उंच धरला. हृष्काने बघितलं, अंगठा दाखवला आणि पार कडेला जाऊन एकटाच उभा राहिला. विल्टनचे अकराच्या अकरा ट्रॅक्टर बघून मध्ये दाटले. चेंडू उडत गेला आणि हृष्काने झेलला. हाताने! चार वर्षांत पहिल्यांदा. मीसुद्धा ओरडलो. राहवलं नाही.
मग पोरांनी बर्फाच्या पाण्याचा पिंप उचलला. जिंकवणाऱ्या कोचच्या डोक्यावर ओततात. मी टोपी काढली, चष्मा खिशात घातला, डोळे मिटले. ट्रे माझ्या मागेच उभा होता.
एवढ्यात आमच्या पुढच्या फळीतल्या दोघा पोरांनी खांदे लावून मला उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. सॉरी कोच, म्हणाले. झालेल्या वाटेतून हृष्का पिंप घेऊन घुसला.
वेम्पे बाईही त्या भिजलेल्याशीच हात मिळवत होत्या. वाईट वाटलं. कोरड्या सदऱ्यातही थंडी वाजते.
पण पोरांचे खांदे खाली होते, पाठी सपाट, पाय रोवलेले. अगदी मी शिकवलं तसं. एवढी सुरेख पॉवर यंदा आम्ही एकदाच खेळलो.