गाडी उतरून बघावी

३ मार्च, मंगळवार

यादीत दोनच गाड्या उरल्या. दोन्ही विजेवरच्या, किंमत उन्नीस-बीस. एक मोठी सेडान: पाच वर्षं जुनी, एका सर्जनबाईंची, चामड्याच्या सीटा, मागे पाय ताणून बसता येतं. दुसरी छोटी: एक वर्ष वापरलेली, दिसायला साबणाच्या डबीसारखी.

मला मोठी हवी. कारण इथे लिहायला हरकत नाही – बाबांसाठी. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या मालकांची तसलीच गाडी चालवली. मागच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. जुलैत झटका आला तेव्हापासून डावा पाय ओढतो. क्लच दाबता येत नाही म्हटल्यावर लायसन्स कपाटात गेलं, आणि बाबा घरात. दवाखाना सोडला तर उंबरा ओलांडत नाहीत. टॅक्सीचं नाव काढलं की, ‘ड्रायव्हरनं मला उचलून बसवायचं? ड्रायव्हरनं?’

चांगली गाडी दारात असली तर निघतील असं मी धरून चालले आहे. गृहीतक आहे. सिद्ध झालेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

मोठीची बॅटरी तपासली. प्रयोगशाळेत रोज हेच करते, त्यामुळे कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नव्हती. क्षमता अठ्ठ्याऐंशी टक्के. पाच वर्षांच्या मानानं उत्तम. सर्जनबाई शेजारी उभ्या होत्या. ‘माझे पेशंटसुद्धा एवढ्या तपासण्या करून घेत नाहीत.’ दुसरं गिऱ्हाईक आहे, पण शनिवारपर्यंत थांबतील.

आईला आकडे सांगितले. भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘मागे बसून ते करतील काय?’

‘आराम.’

‘आठ महिने तेच चाललंय की.’ मग, ‘मला मेलीला काय कळतंय गाडीतलं? एकतीस वर्षं ड्रायव्हरची बायको, आणि जन्म गेला बसमध्ये.’

हसत म्हणाली. मीही हसले. ती बाबांनी चालवलेल्या गाडीत कधीच बसलेली नाही, हे मला आज कळलं.

६ मार्च, शुक्रवार

आईची तक्रार: बाबा दुपारी खुर्चीत बसून वजनकाट्यावर एकच पाय ठेवतात. ‘आकडा कमी येतो ना, खूश असतील.’ बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘व्यायाम.’

७ मार्च, शनिवार

सर्जनबाई गाडी घेऊन घरी आल्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. एकोणीस पायऱ्या उतरायला सहा मिनिटं. गाडीपाशी पोचले, काठी काखेत धरली, मागचं दार उघडलं आणि बाजूला सरून ताठ उभे राहिले – माझ्यासाठी. सवय. मी तशीच उभी. ते तसेच उभे. शेवटी मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही बसायचंय.’

बसले. छान बसले. फेरी झाली. मग उतरता येईना.

एकदा, दोनदा, तीनदा. गुडघे छातीशी आलेले. माझा हात नको म्हणाले. चौथ्या वेळी सर्जनबाईंनी काखेत हात घालून सराईतपणे उभं केलं. बाबांनी घाम पुसला. ‘गाडी झकास आहे, बाईसाहेब.’

त्या गेल्यावर मोजलं. सीट जमिनीपासून फक्त शेहेचाळीस सेंटिमीटर. मी टायरच्या नक्षीची खोली मिलिमीटरमध्ये मोजली होती. सीटची उंची नाही. टेप बॅगेतच होती.

जिन्यात दम घेताना बाबा म्हणाले, ‘गाडी बसून बघू नये, उतरून बघावी. बसताना सगळेच राजे असतात.’

८ मार्च, रविवार

तरीही म्हटलं, ‘सीटवर उशी घातली तर?’

‘उशी घाल नाहीतर गादी घाल. ती गाडी साहेबांची आहे पोरी. मी दार धरून उभाच राहणार.’

‘आधी का नाही बोललात?’

‘तू विचारलंस कुठे? तू बॅटरीला विचारत होतीस.’

राग आला. तासाभरानं गेला, कारण खरं होतं. सर्जनबाईंना फोन करून नको म्हणून सांगितलं. वाईट वाटेल अशी तयारी ठेवली होती. उलट हलकं वाटलं. त्या गाडीच्या सस्पेन्शनच्या महागड्या दुरुस्तीची धास्ती मी मनातल्या मनात बाळगून होते. आता ती दुसऱ्या गिऱ्हाइकाची.

११ मार्च, बुधवार

छोटी बघायला बाबा स्वतःहून आले! सीट एकसष्ट सेंटिमीटर. आज आधी तेच मोजलं. बाबा बसले, उतरले. बसले, उतरले. पाच वेळा, कुणाचा हात न घेता. विक्रेती गोंधळली. ‘काका, काही अडचण आहे का?’

‘नाही. पलीकडून बसून बघतो.’

स्टिअरिंगमागे बसले. तिथूनही उतरले. मी वॉरंटीचे कागद वाचत होते. त्यांचं बोलणं अर्धवट कानावर पडत होतं.

‘खाली पेडल किती?’

‘दोनच, काका. एक पळायचं, एक थांबायचं.’

‘हं.’

बॅटरीची हमी अजून सात वर्षं. ठरलं.

१५ मार्च, रविवार

साबणाची डबी घरी आली. बाबा शेजारी बसले होते. बारा किलोमीटर. प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय चटईवर दाबला जात होता. ‘ब्रेक उशिरा लावतेस. साहेबांचा चहा सांडला असता.’ आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझी चूक काढली. बरं वाटलं.

आठवडाभर त्यांना रोज संध्याकाळी फेरी मारून आणायची, असं वेळापत्रक केलं आहे.

२२ मार्च, रविवार

उठले तर घर शांत. खिडकीतून पाहिलं – गाडीची जागा रिकामी. चार्जरची वायर गुंडाळून खुंटीला. मी इतकी नीट गुंडाळत नाही.

फ्रिजवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी:

‘डॉक्टरांनी शुक्रवारी चाचणी घेऊन परवानगी दिली. कागद तुझ्या बॅटरीच्या फाइलमध्ये लावला आहे. उजवा पाय काट्यावर पस्तीस किलो दाबतो. तुझ्या आईला फिरवून आणतो. पुढे बसली आहे.’

या गाड्यांना क्लच नसतो हे मला माहीत होतं. माझी नोकरीच त्यातली आहे.

तास होऊन गेला. चहा घेतला. फोन केला नाही.