गलबताचा झेंडा

२ ऑगस्ट ९८
दुसऱ्या डोलकाठीचे दोर आज संपले. शिंप्याचा जाड दोरा, मेण लावून. चिमट्यानं गाठी मारून बोटं सुन्न. शिडांचं मांजरपाट चहात उकळलं होतं, रंग छान जुना आलाय. वखारीतून सागाचे तुकडे आणले तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. आता मुडशिंगीच्या शाळेत तात्पुरती का होईना, मास्तरीण आहे. आणि माझं टेबलभर लांबीचं लाकडी गलबत उभं आहे.
आई : "टेबल मोकळं कर, संजूला अभ्यास हाय." माझ्या या भावानं टेबलावर अभ्यास केलेला अजून कुणी पाहिलेला नाही.

५ ऑगस्ट
चूक सापडली. परतताना बसच्या खिडकीतून. पोरं मोटरसायकलींवर कसली तरी फेरी काढत होती, झेंडे मागे फडफडत. गाडी वाऱ्यात घुसते म्हणून झेंडा मागे. पण गलबताला वाराच मागून ढकलतो. शिडं पुढे फुगणार, मग झेंडा मागे कसा? खळ लावून कडक केलेला भगवा मी मागे चिकटवला होता. घरी येऊन आधी तो काढला, पुढे वळवला.

११ ऑगस्ट
आप्पांनी मला न विचारता पेठेतल्या तालमीच्या मंडळाला शब्द दिला. यंदा गणपतीला आरमाराच्या लढाईचा देखावा. थर्मोकोलचा किल्ला, पुढे माझं गलबत. "माझी पोरगी घरातली पयली ग्रॅज्युएट हाय, तिनं केलंय," असं सांगून आले. तीस वर्षं तालमीच्या कट्ट्यावर बसतात.
रागावले. खरं तर आनंदच जास्त झाला. पेठेतलं सगळं माणूस बघेल.

२६ ऑगस्ट
काल संजू आणि आणखी दोघांनी गलबत चादरीत धरून मांडवात नेलं. एक दोर निसटला, बाकी ठीक.
आज वाद. तालमीचे अध्यक्ष बंडूदादा : "ताई, झेंडा उलटा लागलाय की." कारण सांगितलं. कुणी ऐकेना. "मास्तरीणबाई, आम्ही बारक्यापासनं झेंडं नाचवतोय."
शेवटी मांडवातला पंखा गलबताच्या मागे ठेवायला लावला. डोलकाठीला नुसती चिंधी बांधली. पंखा सुरू. शिडं फुगली, चिंधी सरळ पुढे.
बंडूदादा : "बरोबर हाय तुझं. पण येईल त्याला पंखा लावून दाखवायचा व्हय? पलीकडची तालीम म्हणंल, ह्यास्नी झेंडा लावाया येत न्हाय."
एक तर झेंडा मागे, नाही तर गलबत घरी. आप्पा तिथंच होते. खाली बघत होते.

२७ ऑगस्ट
आप्पांनी ताटात अर्धी भाकरी टाकली. "एवढ्याशा फडक्यापायी माझा शब्द घालवतीस?"
वर्गात मी सांगते, बरोबर तेच लिहा, मार्क गेले तरी. आणि आता...
दुपारी, फळ्यावर लिहिताना सुचलं. नांगर टाकलेलं गलबत वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं. तेव्हा झेंडा मागेच उडतो. तालमीचंही खरं, माझंही. फक्त शिडं गुंडाळावी लागतील. चहाचा रंग, फुगवटा, सगळं आत.

२८ ऑगस्ट
शाळेतून थेट मांडवात. शिडं गुंडाळली, तारेचा नांगर सोडला, झेंडा मागे वळवला. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही.
"हे काय, जहाज झोपलं?" बंडूदादा.
"नांगरलंय."
"आणि लढाई?"
"लढाई उद्या."
पोरं हसली. तो हसला नाही. "बघू," म्हणाला. आप्पांनी घरी येताना मला भजी घेतली.
आत्ता संजू सांगतो, पोरांचं ठरतंय : देखाव्याचा पडदा उघडायच्या आधी शिडं सोडायची, भारी दिसतंय. म्हणजे शिडं पुढे आणि झेंडा मागे. पडदा उद्या संध्याकाळी. तेव्हा माझी शिकवणी, मी मांडवात नसणार.
गलबतावर गुंडाळलेल्या शिडांना सुरगाठ मारतात, वारा मिळाला की एका झटक्यात सोडता यावीत म्हणून. मीही तीच मारलीय. कुणीही बोटानं ओढली की सुटेल.
निरगाठ मारून यावी का? मग पोरांना सुटणार नाही. पण तशी गाठ मारलेलं गलबत कुठल्याच समुद्रावर नसतं.
सकाळी बसच्या आधी मांडवावरून जाता येईल.