बार्टलेटच्या मैदानाकडे जाणारी चाळीस फुटांची वाट

मी, अल्मा रूथ टिलसन, वय ८१, राहणार मिल रस्ता, ॲशकॉट, मॅसॅच्युसेट्स, गावाच्या मोकळ्या जागांच्या समितीची एकतीस वर्षं अध्यक्ष, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी फुफ्फुसांबद्दल जे सांगायचं ते सांगितलं आहे. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. होता, तो कलम चारमध्ये येईल. याआधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी आहे त्यापेक्षा बरी दिसते.

१. राहतं घर, त्यातल्या सामानासह, माझा भाचा कर्टिस याला द्यावं. घराच्या उत्तरेला, मिल रस्त्यापासून बार्टलेटच्या मैदानापर्यंत जाणारी माझ्या मालकीची चाळीस फूट रुंद वाट त्याला मिळणार नाही. कर्टिस, तू फोनवर म्हणालास, "आत्या, त्या गवताच्या पट्ट्यावर एवढा जीव का?" तू वाईट नाहीस. पण तुला कुणी गोड बोललं की तू सही करतोस. तुझी दोन्ही लग्नं तशीच झाली.

२. हद्दीच्या लोखंडी खुंट्या, मोजणीची पोलादी टेप, झुडपं कापायचं यंत्र आणि माझे गमबूट जोसी लाव्हॅली हिला. समिती आता ती चालवते. जोसी, दलदलीच्या कडेच्या खुंट्या दर वसंतात स्वतः जाऊन बघ. त्या चालत नाहीत, पण शेजारी चालवतात. बँकेत जे उरेल तेही समितीला, फक्त वकिलांच्या खर्चासाठी.

३. आता जे सदतीस वर्षं पोटात ठेवलं ते.

१९८७ च्या मे महिन्यात गावसभेने बार्टलेटचं मैदान विकत घेतलं. अठ्ठावन्न एकर, दोन बाजूंना दलदल, तिसरीकडे नदी, आणि आत जायला फक्त माझी वाट. आम्ही दोन वर्षं घरोघर फिरलो होतो. ठरावाला दोन-तृतीयांश मतं लागत होती. ठरावाचा मसुदा माझा होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं: "कायम मोकळं ठेवण्यासाठी." सभेच्या संध्याकाळी शाळेच्या बोळात अग्निशमन दलाचा प्रमुख वॉल्टर ग्रिफ याने मला अडवलं.

"अल्मा, ते कायमबियम काढ. माझी आठ माणसं त्याला हात वर करणार नाहीत. उद्या बंब ठेवायला शेड लागली तर?"

"काढलं तर आठही?"

"आठही. वर बसून मोजून घे."

मी भिंतीला कागद टेकवला, त्या शब्दांवर रेघ मारली, शेजारी आद्याक्षरं टाकली आणि वर लिहिलं, "गावाच्या उपयोगासाठी." मनात म्हटलं, आधी मैदान हातात येऊ दे, शब्द पुढच्या वर्षी नीट करू. पुढच्या वर्षी वॉल्टरची माणसं विरोधात जातील म्हणून थांबले. त्याच्या पुढच्या वर्षी वाटलं, कशाला उगाच विषय उकरून काढा. मग सवय झाली.

सभेत मेविस डनिंग उठली. ती शाळेत स्वयंपाक करायची आणि वाढलेला कर तिला परवडणारा नव्हता. तिने विचारलं, "हे कायमचं ना गं अल्मा? नाहीतर मी नाही हात वर करत."

मी व्यासपीठावरून म्हणाले, "कायमचं, मेविस."

३१७ मतदारांपैकी २१४ हात वर आले. २१२ लागत होते. वॉल्टरच्या आठांशिवाय मैदान गेलं असतं, हे खरं. मी मेविसच्या तोंडावर खोटं बोलले, हेही खरं. एकाने दुसरं फिटत नाही. मी फार हिशेब घालून पाहिले. मेविसची राख त्या मैदानात नदीकाठी आहे. मीच नेऊन टाकली.

४. गावाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष डेल हॅन्रॅटी यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांनी मार्चमध्ये आणलेला सफरचंदाचा केकही परत न्यावा. तो अजून फ्रीझरमध्ये आहे.

शाळेचं छप्पर गळतं आहे. ते नवं करायला मैदान बिल्डरला विकावं आणि तिथे साठ घरं व्हावीत, असा ठराव त्यांनी ६ मेच्या गावसभेपुढे ठेवला आहे. माझ्या त्या एका रेघेमुळे कायद्याने ते विकता येतं. केक कापत ते मला म्हणाले,

"मिसेस टिलसन, मूळ कागद सापडलाय मला. तुमची आद्याक्षरं आहेत त्यावर."

"मग वाच की सभेत."

"छे हो, या वयात तुमचा तमाशा कशाला? ती वाट तेवढी गावाला लिहून द्या. कागद माझ्या कपाटात राहील, आणि मैदानाच्या तोंडाशी तुमच्या नावाची पाटीही राहील."

"आणि मैदान?"

"तिथं माणसंच राहायला येणार ना? लांडगे तर नाही."

डेल लहानपणी त्याच मैदानात बर्फावर घसरगाडी खेळला. मी त्याला घरी बोलावून कोको पाजत असे. त्या दिवशी मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. मी तीन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी पेन उघडून टेबलाशी बसलेही होते. लोकांनी मला चांगलं म्हणत पुरावं, एवढंच मला हवं होतं. हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं.

वाटेची जुनी कागदपत्रं शोधायला कपाट उपसलं, तेव्हा टेबलावर अंथरायचा एक कागद निघाला. ठराव पास झाल्यावर शाळेच्या तळघरात आम्ही बीन्स आणि ॲपल पाय खाल्ला होता, आणि हात वर केलेल्यांनी त्या कागदावर सह्या केल्या होत्या. १९७ सह्या. ॲपल पायच्या डागाशेजारी मेविसची. मी पेन बंद केलं.

५. म्हणून चाळीस फुटांची वाट मी त्या १९७ जणांना देत आहे. जे वारले त्यांच्या वारसांना. सगळ्यांना मिळून, अविभक्त. सगळ्यांच्या सहीशिवाय ती विकता येणार नाही. यादी सोबत जोडली आहे. वकील मिस ऑकॉइन म्हणाल्या, "अल्मा, एवढ्या लोकांच्या सह्या शंभर वर्षांत जमणार नाहीत." मी म्हटलं, "बँडस्टँडला कुठला रंग द्यायचा यावर हे गाव सोळा वर्षं भांडतंय. मी त्याच भरवशावर आहे."

त्यांनी हेही सांगितलं की गाव ही वाट सक्तीने घेऊ शकतं. त्यालाही दोन-तृतीयांश मतं लागतात. तेव्हा ज्यांची जमीन घ्यायची तेच सभेत बसलेले असतील. यापलीकडे माझ्या हातात काही उरलेलं नाही. मी दमले आहे आणि मला भीती वाटते.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसं करू नये. तितके दिवस मैदानाकडे नाहीत. ६ मेच्या सभेत, डेलचा ठराव मताला टाकण्याआधी, जोसीने हे पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावं. कलम तीन गाळू नये, आवाज खाली आणू नये. मी तोवर गेले असेन तर प्रश्नच नाही. जिवंत असेन तर मला चाकांच्या खुर्चीतून नेऊन सगळ्यात पुढे, लोकांकडे तोंड करून बसवावं. कुणाला मला काही विचारायचं असेल तर विचारावं. यावेळी मी खरं सांगेन.

सही: अल्मा रूथ टिलसन
ठिकाण: ॲशकॉट. दिनांक: ११ एप्रिल २०२४.

वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या समोर, सगळा मजकूर स्वतः वाचून दाखवून केली. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, आणि ॲशकॉटमध्ये यादीत नाही असा माणूस चटकन मिळेना, म्हणून आम्ही शेजारच्या गावाहून आलो. कलम तीन वाचताना त्या दोनदा थांबल्या. नंतर म्हणाल्या, सभेआधी सराव झाला ते बरं झालं.

साक्षीदार: हार्लन फिच (सही)
साक्षीदार: डेनीस रोबिशो (सही)