वडिलांचा व्यवसाय: ट्रेलर चालक

बाबा, माझं नाव लागलं! विद्यापीठाच्या यादीत, टाइप केलेलं, आडनावासकट. मी तीनदा वाचलं, मग फोटो काढला, मग तो फोटो मोठा करून परत वाचला. तुला कळेल असं सांगते. आमच्या विद्यापीठात हवाई दलाची एक तुकडी आहे. बी.एस्सी. करता करता तीन वर्षं तिथं प्रशिक्षण घ्यायचं, कवायत करायची, विमान उडतं कसं ते शिकायचं, कॅम्पला जायचं, आणि डिग्री हातात आली की हवाई दलात अधिकारी व्हायच्या मुलाखतीला बसायचं. मुलींच्या जागा अगदी मोजक्या. त्यातली एक माझी! उरणच्या मिठागरांकडच्या आपल्या गावातून तिकडं कुणी गेलेलं नाही. विमानात बसलेलेच मुळात दोघे-तिघे, ते पण आखाती देशात नोकरीला गेले म्हणून. आई तर यादी लागल्यापासून दारात येईल त्याला सांगते, "आमची पोर इमान चालवनार हाय." मी म्हणते, अगं, अजून परेडचे बूट पण बघितले नाहीत मी. ऐकतेय कुठली! आज रविवार आहे, जेवणं झालीत, आई जरा आडवी झालीय, आणि मी ओट्याजवळ पाटावर बसून तुला हे लिहितेय. हसू नको, लिहितेयच.

माझी निवड झाली ती तुझ्यामुळं. कौतुकाच्या कार्यक्रमात सगळेच असं बोलतात, तसलं नाही हे. ऐक. मी तिसरीत आहे, असाच रविवार आहे, तुझा क्लीनर सुट्टीवर गेलाय आणि आईशी भांडून तू मला पोर्टाबाहेरच्या यार्डात घेऊन आलायस. चाळीस फुटी ट्रेलर दोन कंटेनरांच्या मधे रिव्हर्स घालायचाय. तू मला सांगतोस, पत्र्यावर एक हात मारला की ये, दोन मारले की थांब. मी लगेच ट्रेलरच्या बरोब्बर मागं, मधोमध जाऊन उभी राहते आणि छाती फुगवून ओरडते, "येऊ दे, येऊ दे!" फुस्स करून ब्रेक लागतो. तू दार उघडून उडी मारतोस, धावत मागं येतोस, माझं बखोट धरतोस आणि आजवर कधी ओरडला नव्हतास तसा ओरडतोस. "आरशान तुना माजा तोंड दिसत व्हता का? न्हाय ना? मंग मना तू कशी दिसशील गो?" मी भोकाड पसरलं. दुसरा बाप असता तर उचलून घरी घेऊन गेला असता. तू मला बाजूला नेलंस, आरशात तुझं तोंड दिसेल तिथं उभं केलंस, आणि माझं रडणं चालू असतानाच म्हणालास, आता मार हात. मी हुंदके देत हात मारले आणि तू ट्रेलर असा आत घातलास की दोन्ही बाजूंना वीतभरच जागा राहिली. त्या वेळी मला तुझा फार राग आला होता.

त्याच आठवड्यात तू माझ्यासाठी जाकीट आणलंस, चमकत्या पट्ट्यांचं, भगव्या रंगाचं. मोठ्या माणसाचं होतं, आईनं ते दोन्ही बाजूंनी मुडपून शिवलं. मी ते घालून शाळेत जायला निघाले, तेव्हा आईनं मला दारातूनच मागं ओढलं. मग तुझ्या शिकवण्या सुरू झाल्या. आई भाकऱ्या थापतेय, आणि तू तिची पीठ मळायची काटवट ओढून घेतलीस. काटवट म्हणजे ट्रेलर. पुढं काडेपेटी लावलीस, ती म्हणजे इंजिनाचं डोकं, तुम्ही त्याला घोडा म्हणता तो. घोडा डावीकडं वळव आणि मागं ढकल, काटवट जाते उजवीकडं. मला काही केल्या कळेना. तुला मात्र कंटाळा येईना. आई वैतागून म्हणाली, "माजी काटवट दे आदी, मंग तिला डायवर कर." यंदा विद्यापीठात बलांचा धडा चालू झाला तेव्हा वर्गात सगळ्यात आधी मला समजला, आणि का समजला ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता निवडीचा दिवस. मोऱ्याच्या बंदरातून पहिली लाँच पकडून गेले. मैदानावर शहरातली मुलं-मुली, काय एकेकाचं इंग्लिश! माझं तर "गुड मॉर्निंग मॅडम"सुद्धा अर्धंच बाहेर पडलं. सहा-सहा जणांचे गट पाडले. काम असं, की एक हातगाडी पिंपांनी खच्चून भरलीय, ती उलटी, मागच्या मागं ढकलत खांबांच्या दोन जोड्यांमधून न्यायची. खांबाला धक्का लागला तर पहिल्यापासून. पिंपं एवढी उंच की ढकलणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही. आमच्या गटातले पाचही जण एकाच वेळी बोलत होते. मला एकाएकी काय झालं काय माहीत, सरळ पुढं गेले, गाडीच्या कडेला उभी राहिले आणि ओरडले, "येऊ दे, येऊ दे, आस्ते, आस्ते!" सगळे दचकले, पण ढकलायला लागले. गाडी खांबाच्या जवळ आली तशी मी पिंपावर दोन हात मारले. धाड धाड. आणि शप्पथ सांगते बाबा, त्यांनी आणखी जोरात ढकललं! खांब आडवा, वरचं पिंप खाली, एक मुलगा त्याच्यामागं पळतोय. "मी दोन मारले ना!" मी ओरडले. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. त्यातली एक म्हणाली, "अगं, दोन म्हणजे काय?" दोन म्हणजे थांब हे जगात सगळ्यांना माहीत असतं, असंच मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं. आपल्या गावात शेंबडं पोर पण सांगेल.

लाजेनं मेल्यासारखं झालं. पण वेळ चालू होती. मी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, एक हात म्हणजे ये, दोन म्हणजे थांब, आणि ज्याला इशारा देणाऱ्याचं तोंड दिसत नाही त्यानं ढकलायचंच नाही. दोघांना कडेला काढलं, मला बघून इशारा पुढं द्यायला. बाकीचे त्यांच्याकडं बघून ढकलणार. दुसऱ्या खेपेला गाडी दोन्ही जोड्यांमधून अशी गेली की खांब हलले पण नाहीत. आमचा गट नाचायला लागला, ती "दोन म्हणजे काय" वाली तर माझ्या गळ्यातच पडली. तेवढ्यात तुकडीच्या मॅडम आल्या. त्या हवाई दलातल्या अधिकारी आहेत, हसत नाहीत, आवाज पण चढवत नाहीत. म्हणाल्या, "विमानतळावर विमान जागेवर लावायला इशारे देतात ना, त्यांचा पहिला नियम हाच आहे. वैमानिकाला तुम्ही दिसलं पाहिजे. तू कुठं शिकलीस?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "वडिलांकडून, मॅडम. ते पोर्टला ट्रेलर चालवतात." मॅडमनी माझा अर्ज वर काढला. त्यावर मीच माझ्या हातानं लिहिलं होतं, वडिलांचा व्यवसाय: ट्रेलर चालक. त्या म्हणाल्या, "निवड झाली तर शपथेच्या दिवशी त्यांना घेऊन ये. मला भेटायचंय त्यांना." मी म्हणाले, "यस मॅडम!"

यस मॅडम म्हणे! तू जाऊन दहा वर्षं झाली. पोर्टाच्या गेटबाहेर लाईनीत असताना तुझ्या छातीत कळ आली आणि तू स्टेअरिंगवरच गेलास. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत राहिले. हँडब्रेक ओढलेला होता, एवढं मात्र काका आजही प्रत्येकाला सांगतो. मी तेव्हा तिसरीतच. नंतर कॉलेजात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी ट्रेलर चालवतात म्हणायची. गावाबाहेर कोण तपासायला येणार? "नाहीत" म्हटलं की समोरच्याचा चेहरा लगेच पडतो, "अरेरे" म्हणतात, आणि मग तुझ्याबद्दल कुणी काही विचारतच नाही. चालवतात म्हटलं की विचारतात, कुठला रूट, किती चाकं, रिव्हर्स कसा घेतात. मग मी बोलत सुटायची. त्यात मला कधी खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. पण त्या अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, खोटी माहिती आढळल्यास निवड रद्द. ते मी परतीच्या लाँचमध्ये माझ्याकडच्या झेरॉक्सवर वाचलं आणि ती घडी घालून पिशवीच्या तळाशी कोंबली.

यादी लागली त्या दिवशी मी घरी नाचत आले आणि जेवायला बसल्यावर सगळं सांगून टाकलं. काका आला होता. तो पण ट्रेलरवरच आहे, तुझ्यासारखाच बोलतो, तुझ्यासारखाच पाठ खाजवतो. म्हणाला, "त्यात कं हाय? मी येतंय. सांग हाच माजा बापूस. मिशी काढू का ठेवू?" मी हसले, आणि बाबा, खरंच विचार केला. कोण ओळखणार होतं? काका शर्टाला इस्त्री करून तयार राहिला असता, मॅडमशी गिअरबॉक्सवर तासभर बोलला असता. आई भाकरी परतत होती. तिनं वळून पण बघितलं नाही. "नवरा गेला, असा सांगाला मना कंदी लाज न्हाय वाटली," ती म्हणाली, "तुना कनाला वाटते?" मी म्हणाले, लाज नाही गं, लाज नाही. काकानं ताट उचललं आणि बाहेर जाऊन हात धुतले.

काल गणवेश वाटायचे होते. मी सगळ्यांच्या आधी जाऊन मॅडमच्या दारात उभी राहिले. एका दमात सांगितलं. वडील नाहीत, दहा वर्षं झाली, अर्जात मी लिहिलं नाही, तोंडी पण खोटं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "का?" मी म्हणाले, "सवय आहे, मॅडम." त्यांनी माझा अर्ज शोधून टेबलावर ठेवला. बाहेर मुलं हसत होती, स्टोअरचं शटर वर गेल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, संपलं, आता ती निळी टोपी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाणार. मग त्या म्हणाल्या, "खोटी माहिती सापडली तर काय करायचं ते अर्जावर छापलंय. स्वतःहून येऊन सांगितली तर काय करायचं ते छापलेलं नाही. ते मी ठरवते." त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. "स्वतःच्या हातानं दुरुस्त कर. बाजूला सही."

तुझ्या नावाआधी 'कै.' लिहायचं होतं, एवढंच. शाळेत ते आई लिहायची, बारावीला सरांनी लिहिलं. मी कधीच लिहिलं नव्हतं. पेन टेकवलं आणि हात हलेना. मॅडमनी घाई केली नाही. लिहिलं शेवटी, वाकडंतिकडं. खाली सही केली. मॅडम म्हणाल्या, "शपथेला आईला आण. आता स्टोअरला पळ, बुटाचं माप दे."

आणि मी पळाले! बाबा, काय सांगू, काय काय मिळालं! निळसर शर्ट, पँट, पट्टा, टोपी. टोपी एका बाजूला कशी झुकवायची ते शिकायलाच अर्धा तास गेला, पहिल्यांदा घातली तर वडा ठेवल्यासारखी दिसत होती. बूट एवढे जड की पहिल्या "सावधान"ला मी माझ्याच पायावर आपटले. मग सिम्युलेटरच्या खोलीत नेलं. एकेकाला दोन-दोन मिनिटं, हातात दांडा, समोर पडद्यावर धावपट्टी. माझं विमान वर गेलं, बाबा! डगमगत गेलं, पण गेलं. उतरताना मी ते समुद्रात घातलं, अख्खी खोली ओरडली, आणि मी सगळ्यांत जोरात. गटातली ती मैत्रीण म्हणाली, तू उरणची, समुद्रातच उतरणार. परतीच्या लाँचवर मी गणवेशाची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले, दर पाच मिनिटांनी उघडून बघायची. मोऱ्याला काका मोटरसायकल घेऊन आला होता, त्यानं मला टोपी घालूनच मागं बसायला लावलं आणि गावातून मुद्दाम दोन चकरा मारल्या.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, ते तुला पण ठाऊक आहे. आई उठली की घडी घालून वहीत ठेवीन. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. काल त्या कागदावर सही केल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत मला तुझी आठवण आली नाही. एकदाही नाही. दहा वर्षांत असा दिवस झाला नव्हता. सकाळी लक्षात आलं तेव्हा धस्स झालं, म्हणून माफी मागायला हे लिहायला बसले. आणि एवढं लिहून झालं तरी माफी काही मागता येत नाहीये. फार मस्त गेला कालचा दिवस, बाबा.