बारा नंबरचा बोल्ट

बापू, आपली अमेरिकन गाडी परवा नागपूरला जाऊन आली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लावली होती. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला एकच हवं होतं, की एखाद्या जाणत्या माणसानं बॉनेट उघडावं आणि तुमचं काम बघून गप्प व्हावं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या जिनिंगवाल्या शेठनी ती हौसेनं मुंबई बंदरातून आणवली होती. त्यांच्या मुलांना तिचा कंटाळा आला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, तेव्हा तुम्ही बैलजोडी लावून ती ओढत गॅरेजात आणलीत. अख्खं नेर हसलं. तिचे सुटे भाग अमेरिकेतच मिळणार, आणि तिथं आपलं कोण बसलंय! तुम्ही एकेक तुकडा स्वतः घडवलात. तिचे इंचाचे पाने तेवढे आजीच्या कशिद्याच्या थैलीत. जीपचे, ट्रॅक्टरचे मिलिमीटरवाले भिंतीवर टांगलेले. थैलीला हात लावायचा तर आधी हात धुवायचे. असलं सोवळं मी दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात पाहिलं नाही.

मी तेव्हा नुकतीच आयटीआय करून आले होते, म्हणजे मोठी शहाणी. वॉटरपंपाचा अर्ध्या इंची डोक्याचा बोल्ट खोलायचा होता. हात काळे, थैली घरात, आणि भिंतीवरचा तेरा नंबरचा, मिलिमीटरवाला पाना समोरच. अर्धा इंच म्हणजे जवळपास तेराच की! पाना बसला, मी झटका दिला आणि बोल्टाचे सगळे कोपरे गुळगुळीत झाले. तुम्ही वाकून बघितलंत. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

“छोरी, हे गाडी इंचातली हाय. तिले आपलं माप कायले लावून राह्यली?”

“जरासाच फरक होता, बापू.”

“त्या जराशासाठीच तर थैली वेगळी ठेवली ना!”

मग दुपारभर तुम्ही तो बोल्ट कानशीनं घासत बसलात. कोपरे पुन्हा उभे राहिले, पण डोकं लहान झालं. त्याला आता इंचाचा कुठलाच पाना लागेना, बारा नंबरचा लागला. “आता हा एक आपल्या यवतमाळचा,” म्हणून तुम्ही हसलात. तो विषय पुन्हा कधीच काढला नाहीत.

नागपूरचे परीक्षक म्हातारे, मोजकं बोलणारे. पाऊण तास टॉर्च घेऊन बघत राहिले. “हे सगळं नेरमध्ये? एकट्या माणसानं?” मला अभिमानानं रडूच आलं, बापू. मग टॉर्च वॉटरपंपापाशी थांबला.

“एवढा हात असलेल्या माणसानं इथं चुकीचा पाना लावला? वडिलांनीच ना?”

भोवती माणसं जमलेली, शेजारी माझ्या गॅरेजची पाटी. मी हो म्हटलं. ते “असो, होतं असं” म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

प्रदर्शनासाठी अमेरिकेहून मागवलेला नवा बोल्ट कस्टममध्ये अडकून आज पोचला. तो बसवला की चूक कुणालाच दिसणार नाही. बारा नंबरचा पाना लावला, तुमचा बोल्ट लगेच सैल झाला. मी तो परत आवळला. परीक्षकांचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, बापू. त्यांना फोन करायचा धीर अजून झालेला नाही.